जाड असावी, शेवट गोड असावा

वाचकाचं पत्र

मावशी, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ३६. गेली चार वर्षं रात्री सगळं आवरलं की मी प्रेमकादंबऱ्या वाचते. मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या मराठी, आणि अलीकडं शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीसुद्धा. वाचून झालं की वहीत मत लिहिते. दोनशे पानी वही भरली, दुसरी चालू आहे.

मतं गोड नाहीत. नायक दर वेळी कोट्यधीश कंपनीमालक. तो मनगट धरतो, भिंतीला टेकवतो, तिचा फोन तपासतो आणि लेखिका त्याला काळजी म्हणते. जाऊ नाहीतर सावत्र आई हमखास दुष्ट. एका फोनवर मिटेल असा गैरसमज साठ भाग चालतो. शेवट कायम गोड, म्हणजे खोटा. हे सगळं लिहिते आणि तरी रात्री एकपर्यंत वाचत बसते. माझी मलाच लाज वाटते.

आमच्या वाचनालयात १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ‘माझं वाचन’ यावर वीस मिनिटं बोलायला मला बोलावलंय. मी विषय सांगितला तर सचिव म्हणाले, ‘मॅडम, जरा वजनदार घ्या की काहीतरी.’ आमचे हे म्हणतात, ‘लोक हसतील. शाळेतल्या बाई असलं वाचतात म्हणतील.’ वजनदार पुस्तक घेऊन बोलू का? आणि माझी पुतणी लातूरला बारावीला आहे. तीही हेच वाचते असं कळलंय. तिला थांबवू का?

— एक वाचक (नाव छापू नका)

उत्तर

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा ओशाळले, कारण तुझ्या त्या सचिवांच्या खुर्चीत मला मीच बसलेली दिसले.

मी एकतीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात काढली, देवघेवीच्या टेबलावर. आमच्याकडं एक सभासद बाई होत्या. स्वतः कधी आल्या नाहीत, मुलाला चिठ्ठी देऊन पाठवायच्या. चिठ्ठीवर दर वेळी तेच: ‘कादंबरी द्यावी. जाड असावी. शेवट गोड असावा.’ मी देत होते. योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, कुमुदिनी रांगणेकर, जे हाताला लागेल ते. मग एका उन्हाळ्यात काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, मला वाटलं आपण या बाईंची आवड सुधारावी. मी त्यांना बक्षीस मिळालेली एक कादंबरी धाडली. दुष्काळावरची. गावात तेव्हा आठ दिवसाआड टँकर येत होता, बाईंचं घर पार वेशीबाहेर, आणि मी शहाणीनं त्यांच्या हातात दुष्काळ ठेवला! तिसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. आत चिठ्ठी होती: ‘हे आमच्या घरी आहेच. दुसरं द्या.’

मी ती चिठ्ठी टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवली. आम्ही खूप हसलो. पुढं चार महिने तो मुलगा आला नाही. हसणं बाईंच्या कानावर गेलं होतं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. वजनदार पुस्तक घेऊ नकोस. घेतलंस तर तू वीस मिनिटं नीट बोलशील, लोक टाळ्या वाजवतील, चहा-बिस्किटं होतील आणि तुझं वाचन काय आहे ते कुणालाच कळणार नाही. विषय तर ‘माझं वाचन’ आहे ना?

आता त्या लाजेचं. तू ‘आवडलं’ आणि ‘पटलं’ हे दोन कपडे एकाच खुंटीला टांगतेस आणि मग गुंता झाला म्हणून रडतेस. जे आवडलं ते पटलंच पाहिजे, आणि जे पटलं नाही ते आवडायलाच नको होतं, हा हिशेब कुणी घालून दिला तुला? माझी आई निरक्षर होती. भारूड ऐकायला बसली की पोट धरून हसायची, आणि घरी येताना वाटेत म्हणायची, ‘पण बिचाऱ्या सासूला उगंच बदनाम केलं बघ.’ तिला दोन्हीत काही अडचण वाटायची नाही. सकाळी सासूला चहाही द्यायची.

भारुडावरून आठवलं. तुझा दुष्ट जावेवर राग आहे, तो रास्त आहे. पण ही जाऊ काल-परवा मोबाइलमध्ये आलेली नाही. पैठणच्या एकनाथांचं ते भवानीला रोडग्याचा नवस बोलणारं भारूड घे. त्यातली सून सासऱ्याला, सासूला, जावेला, नणंदेच्या पोराला, एकेकाला वाटेला लावायला निघालेली आहे. नाथ १५९९ मध्ये गेले, म्हणजे जावेला खलनायिका करायला चारशे वर्षं होऊन गेली. फरक एवढाच की नाथांना त्या सगळ्यांतून दुसरंच काही सांगायचं होतं. ती सून शेवटी म्हणते, सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे. त्याचा परमार्थाचा अर्थ कीर्तनकार सांगतीलच. पण रात्री साडेदहाला भांडी पालथी घालून मोबाइल हातात घेणाऱ्या बाईला तो अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तिकडच्या एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. या बायका असल्या गोष्टी वाचतात तरी कशाला, हे त्यांना शोधायचं होतं. बायका नायकाबद्दल बोलल्याच, पण त्याहून जास्त बोलल्या त्या वाचायला मिळणाऱ्या वेळाबद्दल. पुस्तक हातात घेतलं की तेवढा वेळ त्या कुणाची आई नाहीत, कुणाची बायको नाहीत. (आपल्याकडं पुस्तक हातात असलं तरी ‘अगं, टॉवेल कुठंय?’ येतंच, पण ते असो.) त्या गावात पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. ती नव्या प्रेमकादंबऱ्यांवर स्वतःची मतं लिहून काढायची. कुठली घ्यावी, कुठली टाकावी. बाकीच्या बायका तिच्या शब्दावर पुस्तकं घ्यायच्या. तुझ्या दोनशे पानी वहीची मोठी बहीणच म्हण की.

म्हणजे वही ही लाजेची गोष्ट नाही. उलट तुझ्या गावात या पुस्तकांबद्दल सर्वांत नेमकं बोलू शकेल असं माणूस तूच आहेस, कारण तू ती खरंच वाचली आहेस. सचिवांनी वाचली असतील असं मला वाटत नाही. वाचली असतील तर कबूल करणार नाहीत.

आता तुझ्या मतांकडं येते. सगळीच मला मान्य नाहीत.

मनगटाचं मत सर्वांत पक्कं आहे. त्याच्यावर तू सगळी वीस मिनिटं घालवलीस तरी चालेल. पण नुसतं ‘हे वाईट’ म्हणून थांबू नकोस. ते वाचताना आत काय होतं तेही सांग. दिवसभर ज्या बाईकडं भाजीत मीठ कमी पडलं तरच बघितलं जातं, तिच्याकडं कथेत एक माणूस सगळी कामं टाकून डोळे लावून बघतो. ओढ त्या बघण्याची असते. लेखिका आळशी असली की ते बघणं दाखवायला तिला मनगटच सुचतं, कारण मनगट धरायला एक ओळ लागते आणि नजर लिहायला अख्खं पान. फोन तपासणारा माणूस खरोखर घरात असता तर तू मला वेगळं पत्र लिहिलं असतंस, आणि मीही तुला वेगळं उत्तर दिलं असतं. हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तुला राग येतो, आणि तो येऊ दे.

या बाबतीत इंग्रजी प्रेमकादंबरीचा इतिहास फार स्वच्छ नाही. १९७२ साली कॅथलीन वुडीविस या अमेरिकन लेखिकेची एक जाडजूड ऐतिहासिक प्रेमकथा आली आणि प्रचंड खपली. तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो, आणि पुढं त्याच माणसाशी तिचा संसार गोड होतो. त्या दशकात तसल्या कादंबऱ्यांची रांग लागली. आज त्याच प्रकारातल्या कितीतरी लेखिका नायकाला आधी विचारायला लावतात, तिच्या ‘हो’ची वाट बघायला लावतात, आणि त्यात गोडी कमी होत नाही हे दाखवून देतात. हा बदल आपोआप झाला नाही. तुझ्यासारख्या वाचकांनी आवडत्या पुस्तकातलं न पटलेलं बोलून दाखवलं, त्याचाही त्यात वाटा आहे.

आणि विचारून, थांबून, हळूहळू फुलणारं प्रेम, ज्याला तुम्ही पोरी ‘स्लो बर्न’ म्हणता, ते शिकायला विलायतेला जायचं कारण नाही. परत पैठणलाच ये. हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे छोट्या कविता, दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे आपल्या गोदाकाठचं धन. बहुतेक सगळ्या प्रेमाच्याच. त्यातली एक सांगते. उन्हाचा वाटसरू पाणपोईवर आलाय. पाणी घालायला एक तरुण पोरगी आहे. तो ओंजळीनं पाणी पितोय, नजर मात्र वर, तिच्याकडं. पिणं लवकर संपू नये म्हणून तो बोटं सैल सोडतो. पाणी गळून जातं. तिच्या ते लक्षात येतं. आणि तीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते.

संपली कविता. दोन ओळींची. कुणी कुणाचं मनगट धरलं नाही. त्यानं बोटं सैल सोडली हा त्याचा प्रश्न, तिनं धार बारीक केली हे तिचं उत्तर. दोघांची मर्जी सारखी, दोघांचा चावटपणाही सारखा. तुझ्या वहीतल्या त्या साठ भागांच्या कादंबरीत असा एक तरी क्षण आहे का, एवढंच बघायचं. असेल तर ती कादंबरी मी वाचीन. भाग साठ असोत नाहीतर तीनशे.

शेवटाबद्दल मात्र तू चुकतेस. गोड शेवट म्हणजे खोटा शेवट, असं नसतं. अमेरिकेत रोमान्स लेखकांची एक संघटना १९८० साली निघाली. त्यांनी या प्रकाराला दोनच अटी सांगितल्या: गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे गोड शेवट हा इथला करारच आहे. चिठ्ठीवाल्या बाईंनी हाच करार दोन शब्दांत लिहिला होता. तुझ्या गावात सप्ताह बसत असेल. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं, हंडी फुटणार, लाह्या वाटल्या जाणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शेवट आधीच ठाऊक म्हणून कुणी मांडवातून उठून जातं का? लोक बघतात ते बुवांनी काल्यापर्यंत नेलं कसं. कुठं रडवलं, कुठं हसवलं, कुठं उगंच तास काढला. तेव्हा वहीत ‘शेवट गोड, म्हणून खोटा’ असं लिहू नकोस. या दोघांचं जमेल असं तुला कुठल्या पानावर पहिल्यांदा खरं वाटलं, ते लिही. असं पान सापडलंच नाही, तर तो शेवट खोटा. तसं असेल तर मग खुशाल झोडप.

कोट्यधीश नायकाचं मला अर्धं पटतं. त्यामागं एक सोय आहे. नायकाकडं पैसा भरपूर असला की घरभाडं, कर्ज, पोराची फी हे प्रश्न दारातून आतच येत नाहीत आणि मैदानात फक्त प्रेम उरतं. वसमतच्या मोंढ्यात हळद विकणारा पोरगा नायक केला की तिसऱ्या भागात भाव पडतो, पाचव्यात पीकविमा येतो, सातव्यात मामा जमिनीची वाटणी काढतो. प्रेमाला वेळच मिळत नाही. पण मला विचारशील तर मराठवाड्याची खरी प्रेमकादंबरी तिथंच आहे. शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही, हे आपल्याकडं पारावर बसलेलं कुणीही सांगेल. मग ज्याला मिळाली, त्याला कशी मिळाली? मला ते वाचायचंय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, आठवतं? त्याच्या आधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. तासन् तास घागरींच्या रांगा. त्या रांगांमध्ये एकही जोडी जमली नसेल, यावर माझा विश्वास नाही. दोघांचा काही जमाव होत नाही. यावर कुणी कादंबरी लिहीत नाही आणि दुबईच्या विमानतळावर धक्का लागून प्रेम जमल्याच्या पन्नास निघतात, हे तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि ते सभेत ठणकावून सांग. ऐकणाऱ्यांत एखादी लिहिणारी असेल.

लांबणीचं विशेष नाही. भाग पाडून लिहिलं की गोष्ट लांबतेच. वाचक उद्या परत यायला हवा, म्हणून आज कुणीतरी जिन्यावर घसरतं. प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर रोज एक भाग टाकणाऱ्या बाईला तुझ्याएवढीच घरकामं असतात, तिनं गैरसमज ताणला तर मी तिला एका मर्यादेपर्यंत माफ करते. साठ भाग जास्त आहेत. वीस चालतील.

सचिवांचं काय करायचं? भांडू नकोस. आणि ‘मला माहीत आहे की हे साहित्य फार उच्च नाही, पण...’ अशी सुरुवात तर अजिबात करू नकोस. मी असली शेकडो भाषणं मांडवाच्या मागं चहाचे कप मोजत ऐकली आहेत. माफीनं सुरू झालेलं भाषण माफीतच संपतं. त्यापेक्षा सचिवांना विनंती कर की गेल्या पाच-दहा वर्षांतलं देवघेवीचं रजिस्टर बघायला द्या. कुठली पुस्तकं सर्वांत जास्त वेळा गेली, कुणाच्या पानांचे कोपरे गोल झाले, कुणाची बांधणी दोनदा करावी लागली, ते काढ. मी माझ्या वाचनालयाचं सांगते: वजनदार पुस्तकांना धूळ झटकायला फडकं लागायचं, प्रेमकादंबऱ्यांना बाइंडर. आणि सदस्यांची वर्गणी येत राहायची ती या दुसऱ्या कपाटामुळं. हे फार जुनं आहे. लंडनचं मिल्स अँड बून १९०८ साली निघालं तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायचं. प्रेमकथांवर ते ठाम झालं १९३० च्या दशकात, कारण पैसे घेऊन पुस्तकं वाचायला देणाऱ्या तिकडच्या वाचनालयांत बायका तीच मागायच्या. सचिवांनी फारच ‘वजन, वजन’ केलं तर ना. सी. फडक्यांचं नाव घे. त्यांच्या टेनिस खेळणाऱ्या नायकांना आणि गुलाबी प्रेमाला लोक आजही हसतात, पण १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. ती खुर्ची काही हलकी नसते.

भाषणात पाच कादंबऱ्या नको. एकच घे. जिनं तुला एकपर्यंत जागवलं आणि वहीत सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या, ती. दोन उतारे मोठ्यानं वाच, दोन-दोन मिनिटांचे. एक, जिथं तुझ्या पोटात गोळा आला तो. दुसरा, जिथं मोबाइल भिंतीवर फेकावा वाटला तो. शाळेत कविता वाचतेस तशी तब्येतीत वाच, घाईनं उरकू नकोस. मग सांग, हे मला आवडलं, का ते असं. हे पटलं नाही, का ते असं. दोन्ही एकाच कादंबरीतलं आहे हे लोकांना दिसू दे. मधे कुणी खुसखुसलं तर थांब आणि त्यांच्याकडं बघून हस. पहिल्या रांगेतले पुरुष थोडे अस्वस्थ होतील. मागच्या रांगेतल्या बायका पुढं सरकतील. त्यांच्याकडं बघून बोल.

यजमानांचं मी फार मनावर घेणार नाही. त्यांना भीती तुझ्या वाचनाची नाही, गावातल्या चहाच्या टपरीची आहे, आणि ती भीती खोटी नसते. छोटं गाव आहे, शाळेची नोकरी आहे. म्हणून उतारे निवडताना भान ठेव, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन. शयनगृहातलं पान सभेत वाचायची गरज नाही. पण एक विचारते, रविवारी दुपारी तुमच्याकडं टीव्हीवर हिंदीत डब केलेला दाक्षिणात्य सिनेमा लागतो की नाही? त्यातला नायक काय करतो? चाळीस गुंड हवेत उडवतो आणि नायिकेच्या मागं मागं फिरतो. आपण कधी म्हटलंय का त्यांना, की लोक हसतील? एखाद्या रविवारी पोहे देताना हळूच म्हणून बघ. भांडणाच्या सुरात नको, पोह्यांच्या सुरात.

पुतणीबद्दल. ती सतरा वर्षांची, लातूरला बारावीला, म्हणजे सकाळी पाचपासून टेस्ट सिरीज. त्या पोरीच्या डोक्यात भौतिकशास्त्र कोंबून कोंबून भरलेलं असताना ती रात्री अर्धा तास कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट वाचते, यात मला चूक दिसत नाही. अभ्यासाचं गणित बिघडत असेल तर वेळेबद्दल बोल, पुस्तकाबद्दल नको. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली होती. अश्लील म्हणून खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. त्यात न्यायमूर्तींनी असंही म्हटलं की कादंबरीत कामभावनेचा नुसता उल्लेख आला म्हणून ती किशोरवयीनांना वाचू द्यायची नाही असं ठरवलं, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. मी हा निकाल आमच्या वाचनालयाच्या एका बैठकीत सांगितला होता. तेव्हा काकोडकर खालच्या कपाटात कुलपात असायचे. कुलूप निघालं नाही, पण किल्ली माझ्याकडं आली. मला तेवढं पुरे होतं.

तेव्हा थांबवू नकोस, सोबत वाच. ती सध्या काय वाचायलीय ते विचार आणि तीच कादंबरी तूही घे. फोनवर ‘तू असलं का वाचतेस?’ विचारशील तर ती अ‍ॅप लपवायला शिकेल, दुसरं काही नाही. त्याऐवजी विचार, ‘त्या बाराव्या भागात तो तिचा फोन हिसकावून घेतो ना, तुला कसं वाटलं गं?’ ती ‘किती भारी’ म्हणाली तर घाबरू नकोस. पाणपोईची गोष्ट सांग आणि विचार, यातला कोण भारी? उत्तर लगेच येणार नाही. बारावीच्या पोरींना काकूला लगेच उत्तर द्यायला आवडत नाही. आठ दिवसांनी स्वतःहून फोन करील. आणि तिचं मत तुझ्यापेक्षा वेगळं निघालं तर तेही वहीत लिहून ठेव, तारीख टाकून.

भाषण झालं की मला कळव. मुख्य म्हणजे मागच्या रांगेतून कुणी येऊन पुस्तकाचं नाव लिहून घेतलं का, ते. आणि पाणपोईची ती गाथा सभेत सांगणार असशील तर जरूर सांग, फक्त शिक्षकाची खोड म्हणून टेबलावरचा तांब्या उचलून धार बारीक करून दाखवू नकोस. सचिवांना ठसका लागेल.

तुझी,
मावशी